लग्नाला जाताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'लग्नाला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी चार सूचना' असा. मी त्यांना म्हटले, "अहो, लग्न कसे करावे हे सांगणारे घरोघरी आहेत. पाहुण्यांना कोणी शिकवायला जाते का?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर तुम्ही सांगा." तेव्हा आता ऐकून घेण्याची शिक्षा तुम्हाला आहे. माझा अधिकार एवढाच, की दोन मुलांची लग्ने मी यजमानीण म्हणून काढली आणि पाहुणी म्हणून किती मांडवांत जेवले त्याची मोजदाद नाही. जे सांगणार आहे त्यातले बरेचसे स्वतःच्या चुकांतून शिकलेले आहे.

कार्तिकी एकादशी झाली, तुळशीची लग्ने लागली, की आपल्या घरी पत्रिका येऊ लागतात. आता लग्ने बहुधा शनिवार-रविवार साधून ठरतात. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे जमतात आणि रविवारी रात्री पांगतात. म्हणजे अडीच दिवस आपण कोणाच्या तरी गळ्यात असतो. तो भार हलका करणे पुष्कळसे आपल्या हाती असते.

पहिली गोष्ट उत्तराची. बोलावणे आले की आपण म्हणतो, "बघू, जमवते." हा 'बघू' फार महागात पडतो बरे! पूर्वी मांडवात आचारी असे, वाढत्या पंगतीला पातेल्यात भात वाढत असे आणि दहा पाने कमी-जास्त झाली तर कोणाला कळतही नसे. आता स्वयंपाकाचे कंत्राट असते. पानांचा आकडा आधी सांगावा लागतो आणि सांगितलेल्या पानांचे पैसे मोजावे लागतात, जेवायला कोणी येवो न येवो. माझ्या मुलीच्या लग्नात, २००८ साली, आम्ही तीनशे पाने सांगितली होती. 'बघू' म्हणणाऱ्यांतले सत्तर जण आलेच नाहीत. संध्याकाळी ह्यांनी हिशेब केला तेव्हा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. मला ते अजून दिसते. तेव्हापासून पत्रिका आली की चार दिवसांच्या आत मी फोन करते: आम्ही दोघे येणार, शुक्रवारच्या रात्रीचे जेवण धरा, रविवारी दुपारनंतर निघू. येणार नसले तर तेही स्वच्छ सांगते. 'नाही' म्हटल्याचा राग येत नाही. 'हो' म्हणून न आल्याचा येतो. आणि 'सहकुटुंब' याचा अर्थ शेजारच्या बिऱ्हाडासह असा नसतो. २०२० साली टाळेबंदीत लग्नाला पन्नासच माणसांची मुभा होती, तेव्हा प्रत्येक घराने बसून यादी केली आणि खरे आपले कोण हे एकेकाला कळले. ती यादी पुष्कळांनी जपून ठेवली आहे असे मला वाटते.

तुमचा उपास असेल, मधुमेहाचे पथ्य असेल, तर तेही त्याच फोनवर सांगावे. ऐन पंगतीत "मला आज संकष्टी आहे हो" असे म्हटले की बिचारी वधूमाय साबुदाणा शोधत धावते.

आता सामानाविषयी. कार्यालयातल्या खोलीत आठ-दहा जणी, एक न्हाणीघर, एक पाणी तापवायचा गीझर, आणि सकाळी सहाला देवकाची वेळ. ज्यांना अनुभव आहे त्या हसताहेत! माझा नियम असा, की पहाटे पाचच्या आत आपली अंघोळ उरकून टाकावी आणि बाहेर येऊन इतरांना जागा करून द्यावी. केस धुवायचे ते घरून धुऊन जावे. पिशवीत आपला टॉवेल, आपला साबण, एक जुनी चादर, रोजची औषधे, पाण्याची बाटली, सेफ्टी पिनांचे पाकीट आणि सुईदोरा असावा. पिना दोन पाकिटे न्याव्यात; एक आपल्याला पुरत नाही, कारण शेजारणी मागतात. मार्गशीर्षात-पौषात लग्न असेल तर शाल हवीच. पैठणीत थंडी थांबत नाही. आणि वैशाखातले लग्न असेल तर भरजरी लुगडे मुहूर्तापुरते नेसावे, एरवी सुती. दागिने गाडीत अंगावर घालून जाऊ नयेत, आणि खोलीत उशीखाली तर मुळीच ठेवू नयेत. हरवले तर आपले दुःख एक, आणि यजमानांच्या माथी संशयाचे ओझे दुसरे. मी तर हल्ली मंगळसूत्र आणि दोन पाटल्या यांपुढे जात नाही. कोणी विचारले तर सांगते, "नवरी ती आहे."

शुक्रवारी संध्याकाळी बहुधा सीमांतपूजन असते. वराचे वऱ्हाड गावच्या शिवेवर येई, तिथे त्याला सामोरे जाऊन पाय धुवायचे, पूजा करायची, ही त्यामागची जुनी रीत. आता दोन्ही पक्ष एकाच कार्यालयात उतरतात आणि शीव म्हणजे वरच्या मजल्याचा जिना. तरी त्या प्रसंगी दोन घरे पहिल्यांदा समोरासमोर बसतात, म्हणून पाहुण्यांनी वेळेवर यावे आणि दुसऱ्या पक्षाच्या चार माणसांशी आपण होऊन बोलावे. आपल्या आपल्यात कोंडाळे करून बसू नये. मानपानाचा हिशेब तर मुळीच मांडू नये. "त्यांनी आम्हाला नारळ दिला, पण शाल दिली नाही" हे वाक्य कोणी पाहुणीने उच्चारले, की ते पायांनी चालत विहीणबाईंपर्यंत पोहोचते.

कित्येक घरी आता मेंदी आणि गाण्याबजावण्याची रात्रही होते. आपल्या बायका नाके मुरडतात, "हे आपल्यात नव्हते हो." नव्हते, कबूल. पण मुलींना हौस आहे आणि यजमानांनी खर्च केला आहे, तर तिथे बसून टीका करण्यापेक्षा एक हात मेंदीला पुढे करावा. माझ्या मेंदीचे डिझाइन बिघडले होते, तरी नातीच्या मैत्रिणी खूष झाल्या. एक मात्र सांगते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहे. २००० सालचे नियम आहेत. दहा वाजले की पोरे "अजून एकच" म्हणतात. त्या वेळी थोराड पाहुण्यांनीच "आता पुरे" म्हणावे. यजमानाला ते म्हणणे अवघड जाते.

हळदीला जुने सुती पातळ नेसावे. आधी वराला हळद लागते आणि उरलेली उष्टी हळद वधूकडे जाते. तेव्हा वधूकडच्या पाहुण्यांनी घाई करू नये. डाग पडला तर घाबरू नका. साबण लागताच हळद लाल होते आणि आपल्याला वाटते आता कपडा गेला. घासत बसू नका. धुऊन कडक उन्हात वाळत घाला. ऊन हळदीचा रंग उतरवते.

आता मुहूर्ताकडे येते. मुहूर्त बारा वाजून चौदा मिनिटांचा असेल तर आपण साडेअकराला मांडवात असावे. मंगलाष्टके चालू असताना पुढच्या रांगेत शिरणे वाईट दिसते. अक्षता हातात असतील तेवढ्या बेताने, पुढे जाऊन, वधूवरांच्या मस्तकी पडतील अशा टाकाव्यात. शेवटच्या रांगेतून भिरकावलेल्या अक्षता मधल्या लोकांच्या अंबाड्यात पडतात, वधूवरांना त्यांचा उपयोग नाही. तांदूळ पायाखाली तुडवले जातात म्हणून हल्ली काही घरी फुलांच्या पाकळ्या देतात. मला ते पसंत आहे. आणि ते मोबाइल! अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी सगळे हात वर जातात. एका लग्नात नवरीची नव्वदीची आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, तिला हातांच्या भिंतीपलीकडे काही दिसले नाही. "लागलं का गं?" असे ती शेजारच्या बाईला विचारत होती. छायाचित्रे काढायला यजमानांनी माणूस नेमलेला असतो. आपण डोळ्यांनी पाहावे.

अक्षता पडल्या की निम्मा मांडव जेवणाकडे धावतो. मैत्रिणींनो, ज्यांच्या लग्नात होम आणि सप्तपदी आहे त्यांचे लग्न तेव्हा लागलेलेच नसते! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की विधी न करता नुसते प्रमाणपत्र मिळवले तर या कायद्याप्रमाणे तो विवाह होत नाही. म्हणजे आपण जिलेबी खात असताना पाठीमागे खरे लग्न लागत असते आणि पाहायला गुरुजी, आईबाप आणि फोटोवाला. निदान जवळच्या नातेवाइकांनी तरी लाजाहोम आणि सप्तपदी होईपर्यंत बसावे. अर्ध्या तासाने मसालेभात निवत नाही. शिवाय विवाहाच्या नोंदणीला आपल्याकडे तीन साक्षीदार लागतात. तुम्हाला विचारले असेल तर ओळखपत्र आणि छायाचित्रे घरूनच घेऊन जा.

पंगत असेल तर पानावर बसल्यावर वाढप होईपर्यंत थांबावे आणि सगळ्यांचे होईपर्यंत उठू नये, हे आपल्याला ठाऊक आहे. नको असेल ते वाढण्याआधी हात आडवा धरावा, वाढल्यावर टाकू नये. जेवणाऱ्याच्या पाठीशी पुढच्या पंगतीसाठी उभे राहू नये. घास उतरत नाही. उभ्याने घेण्याचे जेवण असेल तर पहिल्या फेरीत थोडेथोडे घ्यावे. ताटात श्रीखंडावर अळूची भाजी आणि त्यावर पापड असा डोंगर करणाऱ्या चांगल्या घरच्या बाया मी पाहिल्या आहेत. उखाण्याचा आग्रह एकदा करावा, दोनदा करावा. तिसऱ्यांदा करू नये. सगळ्याच मुलींना ते आवडत नाही, आणि प्रत्येकीने नवऱ्याचे आडनाव घेतलेले असतेच असेही नाही.

आहेराचे सांगते. पत्रिकेत 'आहेर आणू नये' लिहिले असेल तर आणू नये. ते खरेच लिहिलेले असते. द्यायचाच असेल तर आपल्याला आलेली आणि कपाटात पडून असलेली साडी देऊ नये. मला एकदा माझीच साडी सहा वर्षांनी परत आली, घडीत माझ्याच हातची चिठ्ठी होती. पाकिटात पैसे घालाल तर आपले पूर्ण नाव, गाव आणि नाते आत कागदावर लिहा. नुसते 'काकूंकडून' लिहिले तर रात्री वधूवर कोणती काकू ते शोधत बसतात. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले, त्यांत वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी ठेवावी, तीत वस्तू, अंदाजे किंमत आणि देणाराचे नाव असावे, असे सांगितले आहे. आपण नाव नीट लिहिले तर त्या यादीला मदतच होते. आणि मांडवात "मुलीकडच्यांनी काय काय दिले?" हा प्रश्न विचारूच नये. विचारणाऱ्याला गंमत वाटते, पण ऐकणारा बाप रात्री झोपत नाही.

इथवर सांगितले ते सोपे होते. आता जे सांगायचे आहे त्यासाठी मी चिटणीसबाईंना होकार दिला.

माझ्या थोरल्या जाऊबाई २००९ साली विधवा झाल्या. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, त्याचे लग्न २०११ साली झाले. मुलाला वाढवले त्यांनी, शिकवले त्यांनी, मुलगी पाहायला गेल्या त्याच. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, की देवकाला आणि पूजेला काका-काकू बसतील. म्हणजे आम्ही दोघे. मला कोणी विचारले नाही, पण मी नाहीही म्हटले नाही. नवी साडी नेसून त्यांच्या जागी पाटावर बसले. ओटी भरताना, सूनमुख पाहताना सगळ्या सवाष्णी पुढे आणि जाऊबाई दाराशी, हातात उदबत्तीचा पुडा घेऊन. कोणी काही मागितले की त्या चटकन देत होत्या. वऱ्हाडातल्या बायका म्हणाल्या, "किती समजूतदार आहेत हो!" मीही मान डोलावली.

पुढे बारा वर्षे आम्ही या गोष्टीविषयी एक शब्द बोललो नाही.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. सरकारनेही त्याच महिन्यात इतर गावांना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. वर्तमानपत्रात ते वाचले त्या दिवशी मी जाऊबाईंना फोन करायला घेतला आणि केला नाही. लाज वाटली.

२०२३ मध्ये माझ्या भाचीचे लग्न होते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी वहिनी, तीही विधवाच. मला आणि ह्यांना आदल्या रात्री निरोप आला, उद्या तुम्ही दोघे बसा. या वेळी मी उठून गुरुजींच्या खोलीकडे गेले आणि विचारले, "मुलीच्या आईने एकटीने संकल्प सोडला तर चालेल का?" गुरुजी म्हणाले, "त्यांची इच्छा असेल तर त्यांनीच सोडावा. मला कोणी विचारतच नाही." मग वहिनीला विचारले. ती आधी "नको वन्सं, लोक काय म्हणतील" म्हणाली, थोडी रडली, आणि पहाटे पाचला न्हाऊन तयार होऊन बसली होती. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, बायका लग्ने लावतात, आणि आपण मात्र आईला मुलीच्या लग्नात पाटावर बसायला परवानगी मागायला लावतो! असो.

त्याच लग्नात हळदीकुंकू फिरत होते. एक लहान मुलगी करंडा घेऊन रांगेतून येत होती आणि जाऊबाईंना वगळून पुढे माझ्याकडे आली. तिला कोणीतरी शिकवलेले असणार. मी करंडा हातात घेतला आणि जाऊबाईंना विचारले, "लावू का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "कुंकू नको गं, मला आता सवय राहिली नाही. फूल दे." मी त्यांना अत्तर लावले, गजरा दिला. त्यांनी तो केसांत माळला. थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "तेव्हा विचारलं असतंस तर बसले असते मी."

भगिनींनो, यावर मला उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

म्हणून सांगते. यजमानाला शंभर कामे असतात, वडीलधाऱ्यांचा धाक असतो; पाहुणीला काम नसते आणि धाकही नसतो. हे विचारणे पाहुणीलाच जमण्यासारखे आहे. बळजबरी करू नका. भर मांडवात कोणाच्या कपाळाला कुंकू फासून मोठेपणा मिरवू नका, त्याने ती बाई आणखी अवघडते. आदल्या दिवशी, एकटीला गाठून, हळूच विचारा. नाही म्हणाली तर फूल द्या, शेजारी बसवा, सप्तपदी पाहायला पुढच्या रांगेत न्या. ज्यांचे लग्न झाले नाही, ज्यांना नवऱ्याने सोडले आहे, त्यांनाही हेच लागू.

आणखी एक बारीक गोष्ट. लग्नाच्या दिवशी मुलीची आई जेवलेली नसते. तुम्ही पाहा, हटकून नसते. माझ्या मुलीच्या लग्नात आमच्या शेजारणीने गौरीहराच्या खोलीत मला कोपऱ्यात ओढून बशीत पोहे दिले आणि मी खाईपर्यंत दाराशी पाठ लावून उभी राहिली. त्या लग्नात मला काय काय आहेर आले ते आठवत नाही. ती बाई आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, नाव घेतले तर रागावेल.

निघताना खोलीतले दिवे-पंखे बंद करावेत, न्हाणीघरात राहिलेला साबण, खुंटीवरचा परकर, उशाशी ठेवलेली कवळी पाहून घ्यावी. कवळीचे मी थट्टेने सांगत नाही, आमच्या मामंजींची मिरजेला राहिली होती. किल्ली यजमानांच्या हाती द्यावी, खिशात घालून गावी नेऊ नये. पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या आईशी निरोपाचे लांब बोलणे काढू नये, नमस्कार करून निघावे. घरी पोहोचलो एवढा निरोप त्याच रात्री द्यावा. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा मांडव उतरलेला असतो, पाहुणे गेलेले असतात आणि मुलीच्या खोलीत कोणी नसते, तेव्हा दुपारच्या वेळी त्या आईला एक फोन करावा.